शस्त्रांची नोंद आणि शस्त्रधारकांचा हक्क : एका वादांतील ऐतिहासिक पुराव्याचें परीक्षण

शस्त्र बाळगणारानें त्याची सरकारदप्तरीं नोंद केलीच पाहिजे काय, व अशी नोंद सक्तीची करणें म्हणजे त्याच्या हक्कावर घाला आहे काय, हा वाद जुनाच आहे. सन २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानाधारकानें बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तिनावरून दोनांवर आणिली, तेव्हांपासून त्यास नवी धार चढली. मूळ विधेयकांत तर एकच शस्त्र ठेवण्याची मुभा होती. ज्यांच्या घरांत वडिलोपार्जित शस्त्रें आहेत त्यांनीं तक्रार केल्यावर एकाचीं दोन झालीं. वादाचें राजकीय अंग आमच्या कक्षेबाहेरचें आहे. परंतु दोन्ही पक्ष आपापल्या बाजूनें इतिहासास साक्षीला बोलावितात, आणि त्या साक्षीची उलटतपासणी कोणीच करीत नाहीं. तें काम आमचें आहे असें समजून पुढील मजकूर लिहिला आहे.

हक्कवाद्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : इंग्रजांपूर्वीं या देशांत ज्याला जें शस्त्र हवें तें तो मोकळेपणानें बाळगी, नोंद, परवाना व झडती हीं सर्व १८७८ च्या शस्त्र अधिनियमाचीं पिल्लें, राष्ट्रीय सभेनें शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, तो स्वराज्य मिळाल्यावर देण्यांत आला नाहीं. नोंदवाद्यांचें उत्तर असें कीं, नोंद ही निव्वळ कारभाराची सोय आहे, तींत हक्काचा प्रश्न उद्भवतच नाहीं, व ज्याच्या मनांत पाप नाहीं त्यानें दप्तरास भिण्याचें कारण नाहीं. आमच्या मतें पहिल्या पक्षाचा पुरावा अर्धा खोटा आहे आणि दुसऱ्या पक्षानें पुरावा पाहिलेलाच नाहीं.

नोंद व परवाना इंग्रजांनीं गलबतांतून आणिला असें म्हणणारानें कौटिलीय अर्थशास्त्राचें पांचवें अधिकरण उघडून पाहावें. भृत्यांच्या भरणपोषणाच्या प्रकरणांत शस्त्रें व कवचें राजचिन्हानें अंकित करूनच आयुधागारांत घ्यावींत, मुद्रेनें अनुज्ञा मिळालेल्यांखेरीज इतरांनीं निःशस्त्र वावरावें, शस्त्र हरवल्यास वा नासल्यास दुप्पट भरून घ्यावें, आणि सीमेवरील अंतपालानें सार्थांतील व्यापाऱ्यांचीं शस्त्रें ठेवून घ्यावींत किंवा मुद्रा करून पुढें जाऊं द्यावें, अशीं विधानें लागोपाठ आलीं आहेत. आजच्या परवान्यांत याहून निराळें असें फारसें कांहीं नाहीं. मात्र एवढ्यावरून प्राचीन काळीं सर्वत्र शस्त्रनोंद चालू होती असें अनुमान काढणें हीहि घाई होईल. विधिग्रंथांत ‘करावें’ असें असतें. ‘केलें’ असें नसतें. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें हा ग्रंथ छापल्यापासून तो आज्ञापत्र आणि इतिवृत्त दोन्ही समजून उद्धृत करण्याची जी खोड जडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. कल्पना परदेशी नाहीं, इतकेंच येथें सिद्ध होतें. पण हक्कवाद्यांचें विधान पाडावयास तेवढें पुरे आहे.

मनुस्मृतीची साक्षहि अशीच अर्धवट घेतात. आठव्या अध्यायांत धर्मास अडथळा आला असतां द्विजांनीं शस्त्र धरावें, व अंगावर चालून आलेल्या आततायीस मारण्यांत दोष नाहीं, असें सांगितलें आहे. तें सर्वांच्या शस्त्रस्वामित्वाचें प्रमाण म्हणून पुढें केलें जातें. परंतु तेथील विषय संकटसमयीं शस्त्र चालविण्याचा आहे, एरवीं तें घरीं ठेवण्याचा नव्हे. आणि ‘द्विजांनीं’ हा शब्द गिळून तें वचन सर्व नागरिकांस लागू करणें ही संपादनांतील लबाडी आहे. आत्मरक्षणाचा अधिकार आजच्या कायद्यांतहि आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो विस्तारानें दिला आहे. पण काठीनें आत्मरक्षण करणाराचा अधिकार आणि पिस्तूल बाळगूं इच्छिणाराचा अधिकार हे दोन निराळे प्रश्न आहेत.

मराठी साधनांकडे वळलों म्हणजे पायांखालीं जमीन लागते. बारगीर आणि शिलेदार हा भेद सर्वांस ठाऊक आहे. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचें शस्त्र घेऊन चाकरीस येई. ‘शिलेदार’ हा शब्दच फारसी ‘सिलाहदार’ म्हणजे शस्त्रधारी यावरून आलेला. हक्कवाद्यांस मराठेशाहींत स्वतःच्या शस्त्राचा धनी शोधावयाचा असेल तर तो हाच. आतां या शिलेदाराची नोंद होत असे कीं नाहीं? सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेनें कृष्णाजी अनंत सभासदानें लिहिलेल्या बखरींत याचें उत्तर आहे. लष्कर मुलुखगिरीस निघतांना लहानथोर सर्वांच्या वस्तभावेचा झाडा घ्यावा, व परत आल्यावर पुन्हा झाडा घेऊन जें अधिक निघेल तें सरकारांत जमा धरावें, असा शिरस्ता त्यानें दिला आहे. झाड्याचा हेतु लपविलेली लूट पकडणें हा होता, हें उघड आहे. तथापि त्या कागदाची दुसरी बाजू वाचणारांच्या नजरेंतून सुटते. निघतांना जें ज्याच्या नांवें लिहिलें गेलें, तें परततांना त्याचेंच राहिलें; त्यावर सरकार हात टाकूं शकत नव्हतें. जो कागद त्याला चोर ठरवूं शके, तोच त्याला धनी ठरवी. या प्रकारास आम्ही दुतर्फी नोंद म्हणूं, कारण तिनें लिहिणारा व लिहिला गेलेला दोघेहि बांधले जातात. आमच्या सर्व विवेचनाचा रोख या एका शब्दावर आहे.

एकतर्फी नोंद कशी असते हें १८५७-५८ सालीं दक्षिण महाराष्ट्रानें पाहिलें. निःशस्त्रीकरणाचा हुकूम सुटला तेव्हां मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानांतील हलगली गांवच्या बेडांनीं हत्यारें देण्याचें नाकारिलें. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस फौज पाठवून गांव जाळण्यांत आलें, व पुढल्या महिन्यांत पुष्कळांस फांशीं दिलें. या प्रकरणाचे सरकारी कागद आहेत तशीच एक कानडी लावणीहि आहे. फ्लीट यांनीं ‘इंडियन अँटिक्वेरी’ त कानडी लावण्या छापिल्या त्यांत ती आली आहे. गंमत अशी कीं ज्या सत्तेनें तें गांव जाळलें तिच्याच एका सनदी नोकरानें त्या गांवचें गाणें जपून ठेविलें. सरकारी कागदांत बेड हे बंडखोर आहेत. लावणींत तीं माणसें आहेत आणि हत्यार हा त्यांच्या जगण्याचा भाग आहे. दोन्ही साधनें एका गोष्टीविषयीं मात्र एकमत आहेत : भांडणाचें मूळ हत्यारें मागण्यांत होतें.

नरगुंदची हकीकत आमच्या वाचकांस अधिक लागेल. भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब नरगुंदकर यांस दत्तक नाकारलेला, त्यांत संस्थानच्या तोफा व दारूगोळा स्वाधीन करण्याची मागणी आली. मे १८५८ च्या अखेरीस त्यांच्या माणसांनीं पोलिटिकल एजंट मॅन्सन यास ठार केलें; थोड्याच दिवसांत नरगुंद पडलें आणि १२ जून रोजीं बाबासाहेबांस बेळगांवीं फांशीं देण्यांत आलें. हें सर्व शाळेच्या पुस्तकांतहि सांपडेल. तेथें जें सांपडत नाहीं तें हें कीं, बाबासाहेब संस्कृत ग्रंथांचे मोठे संग्राहक होते आणि त्या संग्रहाची नरगुंदच्या पाडावांत वाताहत झाली. तोफांची यादी करणारे कारकून त्या राज्यांत मिळाले. पोथ्यांची यादी करून पावती देणारा कोणी निघाला नाहीं. काढून घेण्याच्या हेतूनें केलेल्या यादींत काढून घेण्याजोगें तेवढेंच येतें. ‘मनांत पाप नसेल तर दप्तरास भिऊं नये’ असें म्हणणारांनीं हलगली व नरगुंद हीं दोन प्रकरणें वाचावींत. तेथील भीति पापाची नव्हती. यादी झाली कीं जप्ती होते, हा त्यांचा अनुभव होता.

१८७८ चा अधिनियम लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींतला. त्याचें विष त्याच्या संहितेंत शोधणारे फसतात. तें नियमांच्या परिशिष्टांत होतें. तेथें माफीची यादी असे आणि युरोपियन वगैरे वर्गांस केवळ वंशावरून परवान्याची माफी मिळे. म्हणजे ज्याची नोंद व्हावयाची तो एक समाज, आणि ज्याला नोंदीची गरज नाहीं तो दुसरा. त्या काळच्या चिडीचें कारण नोंद नव्हे, ही माफी होय, असें आमचें मत आहे. (कोडगूच्या लोकांस त्याच काळापासून मिळालेली माफी अजून चालू आहे, कर्नाटक उच्च न्यायालयानें २०२१ सालीं ती ग्राह्य धरिली. तिचे गुणदोष कांहींहि असोत, परिशिष्टाचें आयुष्य कलमाहून लांब असतें याचा हा नमुना आहे.) मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखालीं १८८७ सालीं मद्रासेस राष्ट्रीय सभा भरली, तींत शस्त्र अधिनियमांत दुरुस्ती मागणारा ठराव झाला. पुढें १९२८ च्या नेहरू अहवालांत व १९३१ च्या कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावांत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद झाला.

हक्कवादी येथें थांबतात. ठरावाचें वाक्य मात्र येथें थांबत नाहीं. दोन्ही ठिकाणीं तो हक्क ‘त्या बाबतींत केलेल्या नियमांस अनुसरून’ या अर्थाच्या शब्दांनीं मर्यादित केलेला आहे. नियम म्हटले कीं परवाना आला, परवाना म्हटला कीं नोंद आली. पोथीचें शेवटचें पान फाडून ग्रंथ पूर्ण झाला असें सांगणें आणि हें वाक्य मधेंच तोडणें, यांत आम्हांस भेद दिसत नाहीं. मागणी नोंदविरहित शस्त्राची कधींच नव्हती. सर्वांस एकच नियम असावा, ही होती.

नोंदवाद्यांचा कापलेला कागद दुसरा. घटना समितींत डिसेंबर १९४८ च्या आरंभीं मसुद्याच्या तेराव्या अनुच्छेदावर चर्चा चालू असतां हरि विष्णु कामत यांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांत घालण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनीं तीस विरोध केला व ती नामंजूर झाली. प्रत्येकानें बाजारांत जाऊन वाटेल तें मारक साधन विकत घ्यावें व राज्यानें पाहत राहावें, अशानें राज्यकारभार कसा चालेल, हा त्यांचा आक्षेप आज पुन्हापुन्हा सांगितला जातो. परंतु त्याच उत्तरांत त्यांनीं असेंहि म्हटलें होतें कीं, शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षां राज्यासाठीं शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर आपण भर द्यावा. हें दुसरें वाक्य कोणी उद्धृत करीत नाहीं, कारण तें कोणाच्याच सोयीचें नाहीं. परिणामीं आज घटनेच्या मूलभूत हक्कांत शस्त्राचा उल्लेख येतो तो बहुधा नकारानें, म्हणजे एकोणिसाव्या अनुच्छेदांत शांततेनें व शस्त्रांवांचून जमण्याचा हक्क सांगतांना. अपवाद पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणांतील शिखांच्या कृपाणाचा. अमेरिकेच्या घटनेंत १७९१ सालीं जी दुरुस्ती झाली तिच्या भाषेंत आपल्याकडचे कांहीं लोक अलीकडे बोलूं लागले आहेत. त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं तो दस्तऐवज दुसऱ्या दप्तरांतला आहे, येथल्या दाव्यांत तो दाखल होत नाहीं.

येथवर कागदांचें झालें. नोंदीला दुसरी बाजू असते हें ज्यांना केवळ तत्त्व म्हणून पटत नसेल त्यांनीं आमच्या गांवाचा, म्हणजे उल्हासनगरचा, जन्म पाहावा. आम्ही राहतों तो कॅम्प १ हा दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीचा भाग. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं वसाहतीस उल्हासनगर हें नांव दिलें. निर्वासितांनीं मागें टाकिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदण्यासाठीं १९५० चा अधिनियम झाला व नुकसानभरपाईसाठीं १९५४ चा. ज्याचा दावा लिहिला जाऊन तपासांत टिकला, त्यास भरपाईचा अधिकार आला. ज्याच्याजवळ कागद नव्हता तो सिंधमध्यें कितीहि मोठा वाडा सोडून आला असला तरी त्याचें म्हणणें म्हणणेंच राहिलें. अशा वस्तींत ‘नोंद म्हणजे जुलूम’ हें वाक्य सरसकट बोलतां येत नाहीं.

याच गांवीं नोंदीची दुसरी मर्यादाहि दिसून आली. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीं हिललाइन पोलीस ठाण्याच्या आंत, अधिकाऱ्याच्या दालनांत गोळीबार झाला, व त्याबद्दल विधानसभेच्या तत्कालीन सदस्यास अटक झाली. शस्त्र परवान्याचें होतें असें त्या वेळीं वृत्तपत्रांत आलें. खटल्याच्या गुणदोषांवर बोलणें आमचें काम नाहीं. पण या प्रकारावरून दोन्ही पक्षांनीं जे निष्कर्ष काढिले ते दोन्ही आम्हांस चूक वाटतात. नोंद असून गोळी सुटली म्हणून नोंद व्यर्थ, हें म्हणणें जन्ममृत्यूच्या नोंदवहीनें मरण थांबत नाहीं म्हणून ती जाळण्यासारखें आहे. उलट, परवानाधारकाकडूनच हें घडलें म्हणून सर्व परवाने बंद करा, हें म्हणणें रागाचें आहे. प्रश्न परवाना देतांना काय पाहिलें व दिल्यावर पुन्हा कधीं पाहिलें, हा आहे. २०१९ च्याच दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें केली, याची मात्र शस्त्रसंख्येइतकी चर्चा झाली नाहीं. शस्त्रें कमी करून तपासणी विरळ करणें हें आम्हांस उफराटें वाटतें.

१ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आलेला १९५९ चा अधिनियम वाचतांना तो १८७८ च्या अधिनियमाचा नवा पोशाख आहे असें कित्येक म्हणतात. तें अन्यायाचें आहे. चौदाव्या कलमांत केवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणानें परवाना नाकारूं नये असें स्पष्ट लिहिलें आहे. नाकारल्यास कारणें लेखी नोंदून मागणारास कळवावींत असेंहि आहे. अठराव्या कलमांत अपील आहे. ही दुतर्फी नोंदीकडची वाटचाल होय. परंतु कारणें कळविण्याच्या त्याच कलमांत लोकहिताविरुद्ध वाटल्यास तीं न कळविण्याची सोय आहे, आणि ही खिडकी इतकी रुंद आहे कीं तींतून सबंध दार नेतां येईल. १८७८ चें परिशिष्ट कांहींस मोकळें सोडी. हें पोटवाक्य कांहींस अंधारांत ठेवतें. परवानाधारकांचा एकमेव क्रमांक असलेली राष्ट्रीय यादी आतां झाली आहे, आणि त्या क्रमांकाखेरीज परवाना ग्राह्य धरीत नाहींत. यादी व्हावी या मताचे आम्ही आहों. पण ज्या सरकारास प्रत्येक शस्त्राचा क्रमांक हवा, त्यानें प्रत्येक नकाराचें कारण द्यावें. झाडा दोन्हीकडून झाला पाहिजे.

आतां आमच्या वाचकांच्या घरांतील भाग. पुष्कळांच्या भिंतीवर, माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यांत पणजोबांची तोड्याची किंवा ठासणीची बंदूक आहे. १९५९ च्या अधिनियमाचें पंचेचाळिसावें कलम कालबाह्य घाटाचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें किंवा मोडकें शस्त्र, तें दुरुस्तीनेंहि अग्निशस्त्र म्हणून चालूं शकत नसल्यास, कायद्याबाहेर ठेवतें. वाक्य चांगलें आहे. त्यांतील ‘दुरुस्तीनेंहि’ या शब्दाचा निर्णय कोणी करावयाचा हें त्यांत नाहीं. अठराव्या शतकांतली नळी आजच्या लोहारानें साफ केली तर उडेल कीं नाहीं, हें ठाण्यांतील हवालदारास ठरवावयास लावणें म्हणजे ताम्रपटाची लिपि तलाठ्याकडून वाचून घेणें होय. फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीनें पुराणवस्तूंत मोडणारीं लहान शस्त्रें भारतीय नागरिकानें केवळ बाळगण्यास परवाना लागत नाहीं, चालविण्यास वा नेण्याआणण्यास लागतो, असें केलें. ही सवलत मोलाची आहे. पण ती अमुक वस्तूला लागू आहे हें दाखवावयाचें तर त्या वस्तूचें वर्णन कोठें तरी लिहिलेलें असावें लागतें, आणि आमच्या बहुतेक संग्राहकांजवळ तेंच नाहीं.

येथें पोथ्यांचें उदाहरण बोलकें आहे. १९७२ च्या पुरावस्तु अधिनियमांत इतर वस्तूंस शंभर वर्षांची अट, तर हस्तलिखितांस पंचाहत्तर वर्षांची. तो १९७६ सालीं अमलांत आला आणि चित्रें असलेल्या पोथ्यांची नोंद सक्तीची झाली, तेव्हां ‘आतां सरकार पोथ्या नेणार’ अशी धास्ती ज्यांनीं घेतली त्यांनीं त्या दडविल्या. दडविलेली पोथी चोरीस गेली तर फिर्याद कोणत्या तोंडानें करणार? नोंदीचा दाखला छायाचित्रासह हातीं असला म्हणजे चोरलेली वस्तु परदेशीं विकावयास निघाली तरी मालकी सांगतां येते. बंदुकीच्या बाबतींत हेंच होत आहे. जिची नोंद नाहीं अशी वडिलांची बंदूक मुलानें नदींत टाकिली, असें ऐकिवांत येतें तेव्हां आम्हांस नरगुंदच्या ग्रंथांची आठवण होते. फरक इतकाच कीं यावेळीं जाळणारा परका नाहीं.

म्हणून आमची संग्राहकांस सूचना अशी कीं, त्यांनीं कायद्याची वाट न पाहतां आपल्या शस्त्रांचें वर्णन दोन प्रतींत करावें. नळीची लांबी व तोंडाचा व्यास, चाप तोड्याचा कीं चकमकीचा, बत्ती द्यावयाचें छिद्र बुजलें आहे कीं मोकळें, दस्त्यावरील जडावकाम, आणि घराण्यांत तें शस्त्र केव्हांपासून आहे याविषयीं ऐकीव व लेखी माहिती निरनिराळी लिहावी. एक प्रत अधिकाऱ्याकडे देऊन दुसरीवर पोंच घ्यावी. पोंच मिळाल्याखेरीज मूळ वस्तु हातावेगळी करूं नये. नळीवर कारागिराचें नांव किंवा शक कोरलेला असल्यास आणि गंज चढला असल्यास तो घासून काढूं नये, ओल्या कागदाचा ठसा घ्यावा. हलगलीच्या लावणीचे जे पाठ सीमाभागांत अद्याप तोंडीं चालत असतील तेहि याच रीतीनें, गाणाराच्या उच्चाराप्रमाणें, उतरवून घ्यावेत.